पद्मिनी हायवेवरच तापते: हेड उघडण्याआधी खालचा पाइप बघा

प्रश्न असा आहे. पुण्यातली 1986 ची प्रीमियर पद्मिनी, मूळचे 1089 सीसीचे पेट्रोल इंजिन. शहरात, अगदी लक्ष्मी रोडच्या गर्दीतही, तापमानाचा काटा जागचा हलत नाही. हायवेला पासष्ट-सत्तरने दहा-पंधरा मिनिटे चालवली की काटा चढायला लागतो आणि वेग कमी केला की मिनिटाभरात खाली येतो. खोपोलीकडून घाट चढताना मात्र गाडी पाणी फेकते. फॅन बेल्ट नवा आहे, रेडिएटरचे रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून झाले आहे, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा वाल्व्ह) ‘आपल्याकडे लागत नाही’ म्हणून मेकॅनिकने काढून टाकला आहे. होज पाइप बाहेरून ठणठणीत दिसतात, गळती कुठेच नाही. आता मेकॅनिक म्हणतो, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक, यांच्यामधले सील) गेले. हेड उघडावे, की आधी पाइप बदलावेत?

हेड उघडू नका. निदान आज तरी नाही. तुम्ही जी लक्षणे सांगितली आहेत त्यातले सर्वांत बोलके लक्षण तुम्ही ओघात सांगून गेलात: वेग कमी केला की काटा मिनिटाभरात उतरतो. फुटलेले गॅस्केट इतके समजूतदार नसते. तिथून ज्वलनाचा गॅस एकदा पाण्यात शिरू लागला की ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका केल्याने पाणी लगेच जागेवर येत नाही. हवा अडकते, पाणी बाहेर फेकले जाते आणि काटा कधी वर, कधी एकदम खाली असा वेड्यासारखा वागतो. तुमचा काटा शिस्तीत चढतो आणि शिस्तीत उतरतो. इंजिनाचे फेरे वाढले की काहीतरी बंद होते आणि फेरे कमी झाले की ते पुन्हा उघडते, असे हे वागणे आहे. पद्मिनीसारख्या गाडीत असे उघडझाप करणारी एक वस्तू आहे आणि ती म्हणजे रेडिएटरच्या तळातून वॉटर बॉडीकडे जाणारा खालचा होज पाइप.

पाणी फिरते कसे ते आधी डोळ्यांसमोर आणा. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, खालच्या पाइपातून थंड झालेले पाणी ओढते आणि इंजिनात ढकलते. ब्लॉक आणि हेडमधून गरम झालेले पाणी वरच्या पाइपाने रेडिएटरच्या वरच्या टाकीत जाते, नळ्यांतून खाली येते आणि पुन्हा पंपाकडे. म्हणजे वरच्या पाइपात दाब असतो आणि खालच्यात ओढ. शहाळ्याची स्ट्रॉ जोरात ओढली की जशी मधोमध चपटी होते, तसेच मऊ पडलेल्या खालच्या पाइपाचे होते. इंजिनाचे फेरे दुप्पट झाले तर ही ओढ दुप्पट नाही, जवळपास चौपट होते. त्यामुळे शहरात चाळीसने चालणाऱ्या गाडीत हा पाइप गोल राहतो, सत्तरला दबतो, आणि घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत असते तेव्हा पार चपटा होतो. त्याच वेळी इंजिनाला पाण्याची सर्वांत जास्त गरज असते. तुम्ही गाडी बाजूला घेता, बोनेट उघडता, तोपर्यंत पाइप पुन्हा गोल झालेला असतो. म्हणून तो ‘ठणठणीत’ दिसतो.

आणि गळती का नाही, याचेही उत्तर यातच आहे. जिथे बाहेरचा दाब आतपेक्षा जास्त आहे तिथून पाणी बाहेर येत नाही. उलट क्लिप ढिली असेल तर चालत्या गाडीत तिथून हवा आत ओढली जाते, आणि पाण्यात बुडबुडे दिसले की लोक थेट हेड गॅस्केटच्या निष्कर्षावर उडी मारतात. खालच्या पाइपाची ढिली क्लिप आणि गॅस्केट यांची गल्लत मी गॅरेजमध्ये बरेचदा पाहिली आहे. क्लिप आवळायला पाच मिनिटे लागतात. हेड उतरवून, फेसिंग करून (त्याचा पृष्ठभाग सपाट करून) पुन्हा बसवायला किती दिवस आणि पैसे लागतात ते तुम्ही आत्तापर्यंत विचारून बसला असालच.

आता थर्मोस्टॅटकडे येतो, कारण तुमच्या गाडीत पाइप दबण्याला त्याने मदत केली असण्याची दाट शक्यता आहे. ‘थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते’ हा आपल्याकडचा जुना समज. काढल्यावर इंजिनाच्या तोंडाशी असलेला अडथळा जातो आणि पाण्याचा प्रवाह वाढतो, हे खरे. पण तो वाढलेला प्रवाह रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जायचा असतो. तिथे दाब जास्त खर्ची पडतो, म्हणून पंपाच्या तोंडाशी ओढ आणखी वाढते. खालचा पाइप जेमतेम तग धरून असेल तर याने तो कोसळतो. दुसरी गोष्ट, या गाड्यांच्या उभ्या रेडिएटरमध्ये झाकण वरच्या टाकीवर असते, म्हणजे नेमके पंपाच्या दाबाच्या बाजूला. नळ्या थोड्या जरी चोंदलेल्या असल्या तर जास्त फेऱ्यांना वरच्या टाकीत पाणी साचते, झाकणाची स्प्रिंग उचलली जाते आणि उकळी न येताही पाणी बाहेर पडते. घाटात ‘पाणी फेकते’ म्हणता, त्यातले काही पाणी असे गेलेले असू शकते. तिसरे, थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे हेडच्या आत जो थोडा जादा दाब राहतो तो एक्झॉस्ट वाल्व्हच्या आसपास पाण्याची वाफ होऊ देत नाही. हा फायदाही तुम्ही घालवून बसला आहात. थर्मोस्टॅट परत बसवायचा आहे, पण पाइपानंतर. दोन्ही एकदम केले तर गाडी कशाने बरी झाली ते कळणार नाही.

पाइपावरचा संशय पक्का करायची माझी आवडती पद्धत रस्त्यावरची आहे आणि तिला कुठलेही हत्यार लागत नाही. मोकळा, सपाट रस्ता निवडा. गाडी पूर्ण गरम झाल्यावर टॉप गिअरमध्ये एका ठरावीक वेगाने, समजा पन्नासने, दहा मिनिटे चालवा आणि काटा कुठे स्थिरावतो ते बघा. मग त्याच वेगाने, त्याच रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये चालवा. गाडीला ओढायचे वजन तेच, वारा तोच, म्हणजे इंजिनात तयार होणारी उष्णता थोडीशीच जास्त. पंपाचे फेरे मात्र बरेच वाढलेले. निरोगी गाडीत काटा जवळपास तिथेच राहतो, कारण फॅन आणि पंपही जास्त काम करतात. तिसऱ्यात काटा ठळकपणे चढला तर फेऱ्यांमुळे बंद होणारे काहीतरी आहे, म्हणजे खालचा पाइप. याउलट गिअर कुठलाही असो, फक्त चढ आला किंवा वेग वाढला की तापते, असे असेल तर पाइप बाजूला ठेवा आणि रेडिएटर, इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), पातळ मिश्रण (पेट्रोल कमी, हवा जास्त) यांच्याकडे बघा.

मग उभ्या गाडीत डोळ्यांनी बघायचे. इंजिन पूर्ण गरम, झाकण बंद, बोनेट उघडे. दुसऱ्या माणसाने हायवेवर येतो तसा आवाज येईपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून धरायचा आणि तुम्ही टॉर्च मारून खालच्या पाइपाकडे बघायचे. हात, ओढणी, टाय, सैल बाही फॅनपासून लांब. पद्मिनीचा फॅन बेल्टवर फिरतो, तो थांबत नाही. पाइप मधे आत जाताना दिसला, एखादी खळी पडली, तर विषय संपला. दिसला नाही तर मात्र पाइपाला निर्दोष ठरवू नका. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, पाणी रस्त्यावर होते तितके तापत नाही, रबर तितके मऊ होत नाही. शिवाय झाकण चांगले असेल तर आतला दाब पाइपाला फुगवून धरतो आणि तो दबू देत नाही.

इथे झाकणाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण झाकण आणि खालचा पाइप यांचे नाते लोकांच्या लक्षात येत नाही. झाकणावर आकडा छापलेला असतो. जुन्या गाड्यांना साधारण 4 ते 7 पीएसआयची (पीएसआय हे दाबाचे एकक) झाकणे असत. हल्लीच्या गाड्यांना 13 ते 16. दर एक पीएसआयला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंश सेल्सिअसने वर जातो, म्हणजे 7 पीएसआयचे झाकण साधारण अकरा अंशांची उसंत देते. लोणावळा समुद्रसपाटीपासून 620 मीटरच्या आसपास आहे, तिथे उघडे पाणी 98 अंशांना उकळते. म्हणजे घाटाच्या उंचीने फरक पडतो तो दोन अंशांचा, आणि मेलेल्या झाकणाने अकरा अंशांचा. झाकणाचे रबर कडक झाले असेल, स्प्रिंग गंजली असेल तर दाब धरला जात नाही. मग पंपाच्या तोंडाशी दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो, पाइप दबतो, आणि पंपाच्या पात्यांजवळ गरम पाण्याची वाफ होऊन पंप नुसताच फिरत राहतो. तेव्हा पाइपाबरोबर झाकणही नवे घ्या. मात्र ‘जास्त पीएसआय म्हणजे जास्त चांगले’ असे समजून आजच्या गाडीचे 13 चे झाकण लावू नका. जुन्या पितळी रेडिएटरचे झाळकाम ते सहन करत नाही, आणि ज्या पाइपांबद्दल आपण बोलतो आहोत ते तर नाहीच नाही.

वरचा पाइप क्वचित दोषी असतो, पण साक्ष छान देतो. सकाळी थंड इंजिन सुरू करून वरच्या पाइपावर हात ठेवा. पाणी अजून कोमटही नाही आणि एक-दोन मिनिटांत पाइप दगडासारखा टणक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधून येतो आहे. असे झाले तर तुमचा मेकॅनिक बरोबर आहे आणि मी चूक. खात्री करायला रेडिएटरच्या तोंडावर लावायचा निळ्या द्रवाचा टेस्टर मिळतो. ज्वलनाचा गॅस त्यातून गेला की द्रव पिवळा पडतो. बऱ्या गॅरेजमध्ये तो असतो. हेड उतरवण्याआधी ही चाचणी करून मागा. उलट, गाडी पूर्ण गरम होऊनही वरचा पाइप लुळा राहिला तर झाकण दाब धरत नाही किंवा कुठेतरी फट आहे. आणि रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी वरचा पाइप चपटा चिकटलेला दिसला तर घाबरू नका: पाणी थंड होऊन आकसले, पण झाकणातला बाहेरची हवा किंवा पाणी आत घेणारा छोटा वाल्व्ह अडकला आहे. थंड गाडीत चपटा झालेला पाइप म्हणजे झाकण, पळत्या इंजिनात चपटा झालेला म्हणजे पाइप. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोघांनाही ‘पाइप बसला’ असेच म्हणतात, म्हणून सांगितले.

वर गरम आणि खाली थंड असा फरक हाताने कळतो, पण आता तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक स्वस्तात मिळते, ती घ्या. चांगल्या चालणाऱ्या जुन्या गाडीत वरच्या आणि खालच्या पाइपात साधारण आठ ते पंधरा अंशांचा फरक दिसतो. फरक खूप जास्त असेल तर पाणी फिरत नाही: पाइप दबतोय, पंपाची पाती झिजली आहेत, किंवा नळ्या चोंदल्या आहेत. फरक फारच कमी आणि दोन्हीकडे भरपूर गरम, तर पाणी फिरते पण रेडिएटर उष्णता टाकत नाही. पत्र्यांमधली धूळ-किडे आणि फॅन बघा. बंदूक नेहमी काळ्या रबरावर रोखा. चकचकीत पितळेवर ती खोटे बोलते, खऱ्यापेक्षा कितीतरी कमी तापमान दाखवते. पितळेवर मोजायचेच असेल तर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा.

रॉडिंग केले म्हणता. कोणी केले यावर बरेच अवलंबून आहे. रेडिएटरवाला दोन्ही टाक्या उकलून प्रत्येक नळीतून सळई घालतो तेव्हा त्याला रॉडिंग म्हणायचे. ॲसिडच्या पाण्यात बुडवून परत देतात त्याला नाही. पाइप बदलताना रेडिएटर रिकामा करायचाच आहे, तेव्हा खालचे तोंड तळव्याने बंद करून वरून पूर्ण भरा आणि हात एकदम काढा. पूर्ण तोंडभर धबाबा पाणी पडले पाहिजे. धार बारीक होऊन रेंगाळली तर पुन्हा रेडिएटरवाल्याकडे.

पाइप काढल्यावर तो फेकू नका, उभा चिरा आणि आतून बघा. होज पाइप बाहेरून म्हातारा होतो हा गैरसमज आहे. उन्हाने, ओझोनने बाहेर बारीक भेगा पडतात, त्या दिसतात, पण त्या क्वचितच जीवघेण्या असतात. खरे नुकसान आतून होते. रबर, पाणी आणि दोन टोकांचे दोन वेगळे धातू मिळून एक बारीक विद्युत-रासायनिक क्रिया चालू राहते आणि रबराच्या आत लांबीच्या दिशेने सूक्ष्म चिरा पडत जातात, बहुतेक वेळा क्लिपपासून दोन-तीन बोटांच्या आत. त्यातून पाणी विणलेल्या धाग्यापर्यंत पोचते, धागा कुजतो, आणि पाइपाची ताकद तर त्या धाग्यातच असते. म्हणून पाइप तपासताना मधे दाबून उपयोग नाही. इंजिन थंड असताना क्लिपजवळ चिमटीत धरून दाबा आणि मग मधे दाबा. टोकाशी मऊ, पोकळ लागले, आत काहीतरी कुरकुरल्यासारखे किंवा खाच असल्यासारखे जाणवले, तर पाइप गेला. तुमच्या पाइपात आणखी एक गोष्ट सापडू शकते: आतला थर सुटून लोंबणारी जीभ. पाणी एका दिशेने जोरात गेले की ती उभी राहून वाट अडवते. बाहेरून त्याचा मागमूसही नसतो.

तेलाने मऊ झालेला पाइप ओळखायला सोपा. तो चिकट, फुगलेला लागतो. हे पाइप बहुधा ईपीडीएम रबराचे असतात आणि त्या रबराचे खनिज तेलाशी अजिबात पटत नाही. वाल्व्ह कव्हरमधून ओघळणारे तेल खालच्या पाइपावर ठिबकत असेल तर नवा पाइपही वर्षा-दोन वर्षांत लुळा पडेल. आधी तेलगळती थांबवा. याच कारणाने पाइप चढवताना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, मग मेकॅनिक कितीही म्हणो. साबणाचे पाणी किंवा थोडे कूलंट पुरते.

आता नवा पाइप आणायचा कुठून. पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनत होती आणि तिचे उत्पादन थांबून दोन दशके उलटून गेली आहेत. मुंबईत टॅक्स्या होत्या तोवर खपामुळे दुकानांत ताजा माल येत राहायचा. 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली, आणि आता पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला ‘ओरिजिनल, पॅकबंद’ म्हणून जो पाइप मिळतो तो किती वर्षे फळीवर पडून आहे ते विचारायला हवे. रबर न वापरताही म्हातारे होते. पॅकिंगच्या दिमाखाला भुलू नका. पाइप वाकवून बघा, वाकीच्या बाहेरच्या बाजूला पांढुरक्या भेगा उमटल्या तर परत ठेवा. कापलेल्या टोकाकडे बघा: रबराच्या दोन थरांमध्ये धाग्याची वीण दिसली पाहिजे. नुसतेच जाड रबर असेल तर तो पाइप पहिल्याच उन्हाळ्यात दबेल.

जुना पाइप नमुना म्हणून बरोबर न्या, पण आतला व्यास जुन्या पाइपावरून नव्हे, रेडिएटरच्या आणि पंपाच्या तोंडावरून कॅलिपरने मोजा. जुना ताणलेला असतो. त्याच मापाचा आणि त्याच वाकीचा साच्यातला पाइप दुसऱ्या एखाद्या गाडीचा मिळाला तर तो कापून बसवायला काहीच हरकत नाही. हरकत आहे ती सरळ पाइप जबरदस्तीने वाकवून बसवण्याला. थंड असताना तो ठीक दिसतो, गरम झाला की वाकीत घडी पडते, आणि तुम्ही पुन्हा तिथेच. सगळीकडे मिळणारा वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप मला आवडत नाही: पाण्याला अडथळा जास्त, आणि तो ताठ असल्याने त्याचा ताण पितळी तोंडांच्या झाळकामावर येतो. अडल्या वेळी घरी पोचायला ठीक.

सिलिकॉनच्या निळ्या-लाल पाइपांचे वेड हल्ली जुन्या गाड्यांतही आले आहे. उष्णता ते उत्तम सोसतात. पण त्यांच्यातून पाणी फार हळू का होईना झिरपते, तेल त्यांनाही चालत नाही, आणि खाचा असलेली साधी क्लिप त्यांना चिरते. आतून गुळगुळीत पट्टी असलेली क्लिप लागते. पद्मिनीच्या बोनेटखाली निळा पाइप दिसायलाही विचित्र दिसतो, पण ते माझे मत झाले.

स्प्रिंगचा मुद्दा लोक हमखास विचारतात. जुन्या काही खालच्या पाइपांमध्ये तारेचे वेटोळे असायचे, पाइप दबू नये म्हणून. ते साध्या पोलादाचे असेल तर गंजून तुकडे होतात आणि तुकडे थेट पंपाच्या तोंडाशी जातात. तुमच्या चिरलेल्या पाइपात गंजाचा लालसर वेटोळा डाग दिसला आणि स्प्रिंग नसली, तर ती कुठे गेली याचा शोध पंप काढून घ्यावा लागेल. नव्या पाइपाची वीण चांगली असेल तर स्प्रिंगची गरज नाही. बाजारातला पाइप हाताने सहज चपटा होत असेल तर दुसरा शोधा, आणि दुसरा मिळतच नसेल तर स्टेनलेस स्टीलच्या तारेची, पाइपात घट्ट बसणारी स्प्रिंग करवून घ्या. ती दोन्ही टोकांच्या तोंडांपर्यंत सरकून त्यांना अडवणार नाही, इतकीच लांब ठेवा.

बसवण्याबद्दल. जुना पाइप पिळून, हिसडून काढू नका. रेडिएटरचे पितळी तोंड झाळलेले असते, तेच हातात येते. ब्लेडने लांबीत चीर द्या आणि साल काढल्यासारखा सोडवा. तोंडावरचा पांढरा-हिरवा थर बारीक पॉलिश पेपरने घासा. ॲल्युमिनियमच्या तोंडावर खोल खड्डे पडले असतील तर कुठलीही क्लिप ते पाणी थांबवणार नाही, तो भागच बदलावा लागतो. तोंडाला शेवटी एक उंचवटा असतो; क्लिप त्या उंचवट्याच्या मागे आली पाहिजे, वर नाही, आणि पाइपाच्या टोकापासून तीन-चार मिलीमीटर आत. क्लिप जीव खाऊन आवळू नका, पितळ दबून अंडाकृती होते. गाडी एकदा पूर्ण गरम होऊन थंड झाली की पुन्हा पाव-अर्धा फेरा द्या, कारण रबर बसते. हा दुसरा फेरा बहुतेक लोक विसरतात आणि मग ‘नवा पाइपही गळतो’ म्हणतात.

हीटर नसलेल्या किंवा काढून टाकलेल्या गाडीत त्याच्या तोंडांवर रबरी बूच किंवा पाइपाचा छोटा वेढा लावलेला असतो. सगळे पाइप बदलतात, हे बूच कोणी बदलत नाही, आणि घाटात फुटते ते हेच. हाताला लागले नाही तर आरसा धरून शोधा. मॉरिस मायनर बाळगणाऱ्यांना माझे हेच सांगणे तिच्या हेड आणि पंपामधल्या आखूड बायपास पाइपाबद्दल असते.

पाणी भरताना गाडीचे नाक थोडे चढावर ठेवा, हळूहळू ओता, मधेमधे वरचा पाइप दाबून बुडबुडे काढा. झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करा, पाणी खाली गेले की पुन्हा भरा, गरम होऊन पातळी स्थिर झाली की झाकण लावा. बोअरचे पाणी नको, त्याचा क्षार नळ्यांत बसतो. शुद्ध केलेले पाणी आणि त्यात 30 ते 40 टक्के कूलंट आपल्याकडे पुरेसे आहे; आपल्याला ते गोठण्याविरुद्ध नाही, गंजाविरुद्ध हवे आहे. निव्वळ कूलंट ओतल्याने गाडी जास्त थंड राहते असे नाही, उलट ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. जुने सांडलेले कूलंट पुसून टाका, ते गोडसर असते आणि कुत्री-मांजरे चाटतात. त्यांना ते विष आहे.

तुमच्या जागी मी असा क्रम ठेवेन: सकाळी थंड इंजिनावर वरचा पाइप तपासणे आणि निळ्या द्रवाची चाचणी, ती ठीक आली की गिअरची चाचणी, मग खालचा पाइप, त्याच्या क्लिपा आणि झाकण एकदम बदलून हायवेला वीस-पंचवीस मिनिटे सत्तरने. काटा स्थिर राहिला तर पुढच्या आठवड्यात थर्मोस्टॅट परत. बसवण्याआधी तो पातेल्यात पाण्यात टांगून तापवा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या, साधारण 82 किंवा 88 च्या, जवळपास तो उघडायला लागला पाहिजे. काटा तरीही चढला तर पंप काढून त्याची पाती बघा, आणि मग रेडिएटर. हेड या यादीत शेवटी येते.

तोवर घाटात जायची वेळ आलीच तर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ताणू नका, तिसऱ्यात चढेल तिथे तिसऱ्यात चढवा. काटा चढला की घाटातले शिंगरोबाचे देऊळ येण्याची वाट बघू नका, जागा दिसेल तिथे बाजूला घ्या. पाणी शिल्लक असेल आणि बेल्ट शाबूत असेल तर इंजिन लगेच बंद न करता थोड्या वाढीव आयडलवर चालू द्या, पाइप गोल होऊन पाणी फिरू लागते. पाणी संपले असेल तर मात्र ताबडतोब बंद. झाकणाला हात लावायचा नाही, अर्धा-पाऊण तास तरी नाही, आणि तापलेल्या कोरड्या इंजिनात गार पाणी ओतायचे नाही. हेडला तडा जातो, आणि मग मेकॅनिकचे म्हणणे खरे होते. पाइप फुटलाच तर तो कोरडा पुसून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, वर दोन क्लिपा, आणि झाकण पहिल्या खाचेपर्यंतच लावा म्हणजे दाब धरणार नाही. तीस-चाळीसच्या वेगाने, थांबत, पाणी घालत खोपोली किंवा लोणावळा, जे जवळ असेल ते गाठता येते. त्यासाठी डिकीत पाच लिटर पाणी, ट्यूबची पट्टी, चार क्लिपा, पेचकस आणि आता काढणार असलेल्या पाइपापेक्षा चांगला असा एक जादा खालचा पाइप ठेवा.